पल्पचा 'डिफरंट क्लास' : दोन गाण्यांचा अल्बम की बारा गाण्यांचा?

अनवट (धागालेखक)

२०२५च्या जुलैत ओएसिस या ब्रिटिश बँडमधले दोघे भाऊ पुन्हा एका मंचावर आले आणि एरवी इंग्रजी गाण्यांच्या वाटेला न जाणारे माझ्या ऑफिसातले लोकही 'वंडरवॉल' गुणगुणायला लागले. ब्रिटपॉप, म्हणजे नव्वदच्या दशकातलं ब्रिटिश गिटार-पॉप, म्हटलं की आपल्याकडे ओएसिस, फार तर ब्लर, आणि विषय संपला. ऑगस्ट १९९५मध्ये दोघांनी एकाच दिवशी सिंगल काढली, ब्लरच्या 'कंट्री हाउस'ने बाजी मारली, हे पुराण सगळ्यांना पाठ आहे.

माझं मत सरळ सांगतो. त्या सगळ्या हाणामारीत सर्वांत टिकाऊ अल्बम निघाला तो तिसऱ्याच घरातून. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पल्पचा 'डिफरंट क्लास', ३० ऑक्टोबर १९९५. गायक जार्व्हिस कॉकरने हा बँड १९७८ साली शाळेत असताना काढला होता. पहिला अल्बम १९८३चा, त्याला कुणी विचारलं नाही. १९८५मध्ये एका मुलीवर छाप पाडायला हा गडी खिडकीबाहेर लटकला, खाली आपटला आणि पुढचे काही कार्यक्रम व्हीलचेअरवर बसून केले. शेवटी बत्तिसाव्या वर्षी एकदम स्टार! जिथे विशी ओलांडली की म्हातारे समजतात, त्या धंद्यात.

परवा एका जुन्या मित्राशी याच्यावरून जुंपली. त्याचं म्हणणं, 'कॉमन पीपल' आणि 'डिस्को २०००' बाजूला काढली तर उरलेली दहा गाणी म्हणजे निव्वळ भरताड. मी म्हणतो, ती दहा ऐकल्याशिवाय ही दोन कळतच नाहीत. इथे जाणकार आहेत. कौल द्या.

टवाळखोर

शीर्षक वाचून वाटलं दहावीच्या शिकवणीची जाहिरात आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खडीसाखर

'डिस्को २०००' माझ्या कॉलेजच्या दिवसांत केबलवर लागायचं. ती धून सुरू झाली की आई विचारायची, हा चष्मेवाला मास्तर नाचतोय का? बाकी अल्बमची काही कल्पना नाही, वाचतेय.

डॉनकाठ

मी शेफील्डमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

अनवट, तुम्ही बँडचं वय सांगितलंत, पण गाव राहिलं. हे पोलादाचं गाव. चमचे-सुऱ्यांवर अजून 'मेड इन शेफील्ड' बघून लोक खूश होतात, पण ऐंशीच्या दशकात इथले कारखाने एकामागून एक आटत गेले. जवळच ऑरग्रीव्ह आहे, जिथे १८ जून १९८४ला संपावरचे खाणकामगार आणि घोड्यांवरचे पोलीस भिडले. पल्पमध्ये गिटार आणि व्हायोलिन वाजवणारा रसेल सीनियर त्या संपात स्वतः धरणं धरायला जायचा. जार्व्हिस पोरगा असताना इथल्या कॅसल मार्केटात मासळीच्या गाळ्यावर काम करायचा. ते मार्केटही पाडलं. 'डिस्को २०००'मध्ये ज्या कारंज्यापाशी भेटायचं ठरतं ते फारगेट रस्त्याच्या टोकाला होतं, तेही आता तिथे नाही.

'मिस-शेप्स' या पहिल्या गाण्यात राग आहे तो श्रीमंतांवरच आहे असं बरेच लोक धरून चालतात. इथल्या माणसांना विचारा. शुक्रवारी रात्री गावात जुन्या बाजारातला चट्ट्यापट्ट्यांचा कोट घालून फिरलात तर चोप द्यायला येणारी पोरं तुमच्याच गल्लीतली असायची. म्हणजे वरून साहेब हिणवणार आणि शेजारून शेजारी. 'डिफरंट क्लास'मधला 'डिफरंट' तिथून येतो. वेष्टनावर छापलं होतं की आम्हाला भांडण नको, फक्त वेगळं असण्याचा हक्क हवा. ही विनवणी कुणाला उद्देशून आहे ते शुक्रवारी रात्री बाहेर पडलं की कळतं.

सातबारा

लिहिलंय भारी, पण मूळ मुद्द्यावर या. मी कोल्हापूरचा सरळ माणूस. गाणं कानाला लागलं पाहिजे. ओएसिसचं कुठलंही गाणं लावा, दुसऱ्या कडव्याला सगळी खोली ओरडायला लागते. पल्प ऐकायला आधी इंग्लंडचा समाजशास्त्राचा पेपर देऊन यायचं का? जार्व्हिस गातो कुठं, तो कानात कुजबुजतो, उसासे टाकतो आणि मधेच किंचाळतो. चांगला कीर्तनकार झाला असता.

तुमच्या मित्राला माझा पाठिंबा. दोन गाणी खणखणीत, बाकी भरताड.

अनवट

सातबारा, कीर्तनकार ही शिवी आहे होय? पूर्वरंग मंद, मग आख्यान चढत जातं, शेवटी टाळ्या. 'कॉमन पीपल' नेमकं तसंच बांधलंय. हेडफोन लावून ऐका: सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग सारखा नाही. ढोल हळूहळू पळायला लागतो, ड्रम वाजवणारा निक बँक्स थांबतच नाही. पहिल्या ओळी जवळजवळ बोलल्यासारख्या, एकाच सुराभोवती. ग्रीसहून आलेली श्रीमंत मुलगी, लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिल्पकला शिकते, हा तिला सुपरमार्केटात घेऊन जातो, सगळं थट्टेत. आणि मग ते कडवं येतं, जिथे तो सांगतो की चुकलीस तरी बापाला फोन केलास की सगळं थांबेल, तुला हे कधीच कळणार नाही. तिथे थट्टा गेलेली असते.

अजून एक. रेडिओवर आणि व्हिडिओत वाजायचं ते छाटलेलं रूप. अल्बमवरच्या जवळपास सहा मिनिटांच्या गाण्यात कोपऱ्यात पडलेल्या, कधी चावेल ते सांगता येणार नाही अशा कुत्र्याचं कडवं आहे. सगळ्यात विखारी तेच, आणि तेच कापलेलं. ज्यांनी फक्त केबलवर पाहिलं त्यांनी अर्धंच गाणं ऐकलंय.

टवाळखोर

म्हणजे सातबाराने अर्धवट गाणं ऐकून पूर्ण मत दिलं. सातबाऱ्यावर बोजा चढला.

सातबारा

खिक्. फेरफार करून घेतो.

विलंबित

'कॉमन पीपल'ची जन्मकथा कुणी लिहिली नाही म्हणून. जार्व्हिसने लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून एक स्वस्तातला कॅसिओ कीबोर्ड घेतला आणि त्यावर ती धून बोटाने वाजवत बसला. गाणं तिथून निघालं. मुलगी खरी होती, सेंट मार्टिन्समध्ये तोही फिल्मचं शिकत होता. तिला हॅकनी या लंडनच्या साध्या वस्तीत राहून सामान्य माणसांसारखं जगून बघायचं होतं, एवढंच खरं. बाकीचा मीठमसाला आपण लावला असं त्यानेच पुढे सांगितलं. तिचं नाव कधी सांगितलं नाही, वर्तमानपत्रं मात्र अजून तर्क लढवतात.

मे १९९५मध्ये गाणं थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं आणि तिथेच अडकलं. पहिल्यावर कोण, तर रॉबसन आणि जेरोम, टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनं 'अनचेन्ड मेलडी' गात. सामान्य जनतेने सामान्य जनतेवरच्या गाण्याला पाडलं. सप्टेंबरात पुढचं सिंगलही दुसऱ्यावरच थांबलं. पहिल्या क्रमांकावर गेला तो अल्बम.

बोरकूट

मी अल्बम कितीतरी वेळा ऐकलाय, आवडतो, आणि तरी एक काटा टोचतो. कुणीच बोलत नाहीये म्हणून बोलते.

'आय स्पाय' घ्या. एक गरीब, शिकलेला, डिवचला गेलेला पुरुष श्रीमंतावर सूड घेणार. कसा? त्याच्या बायकोशी संबंध ठेवून, त्याची ब्रँडी पिऊन, त्याच्याच घरात. 'पेन्सिल स्कर्ट'मध्ये दुसऱ्याशी लग्न ठरलेली मुलगी. 'कॉमन पीपल'मध्ये ग्रीक पोरगी. वर्गसंघर्ष म्हणून तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय, पण लढाई प्रत्येक वेळी बाईच्या अंगावर का लढली जाते? त्या ग्रीक मुलीचा बाप धनदांडगा आहे, त्याच्यावर गाणं नाही. गाणं पोरीवर. ती बिचारी अठरा-एकोणीस वर्षांची, कुतूहलाने काहीतरी विचारते, आणि हा तिला सहा मिनिटं झोडपतो.

दीडशहाणी

बोरकूट, +१००. आणि हा सगळीकडे कपाटात लपून नाहीतर पडद्याआडून बघत असतो, ते वेगळंच.

अनवट

बोरकूटताई, मुद्दा बिनतोड आहे. फक्त एवढंच विचारतो, 'आय स्पाय'मधला माणूस आपल्याला आवडावा अशी गाण्याची इच्छा आहे का? मागे ते सिनेमातल्या खलनायकाचं येतं तसं वाद्यवृंदाचं संगीत आहे. तो स्वतःला फार मोठा सूत्रधार समजतो आणि प्रत्यक्षात भत्त्यावर जगणारा, खोलीत एकटा बडबडणारा इसम आहे. जार्व्हिस त्याची कीव करत नाही आणि आरतीही ओवाळत नाही.

बोरकूट

हा बचाव नेहमीचा आहे, 'पात्र बोलतंय, लेखक नाही'. मान्य करते, पण अर्धंच. कारण गाताना त्याला जी मजा येते ती लपत नाही, आणि मलाही ऐकताना येते, तीच तर गोची आहे.

तुमच्या बाजूचा खरा साक्षीदार तुम्ही बोलावलाच नाहीत. 'अंडरवेअर'. तिथे परक्या माणसाच्या खोलीत, अर्धे कपडे उतरवल्यावर, आपण इथे कशाला आलो असं वाटणारी मुलगी आहे. आता निघून जाणं अवघड, राहणं नको. हा प्रसंग कितीजणींनी अनुभवलेला असतो आणि किती पुरुषांनी त्यावर गाणं लिहिलंय? गाणं संपताना तो पुन्हा स्वतःवर येतो, मला हे पाहायला मिळालं असतं तर, असं म्हणतो. एकाच गाण्यात सहानुभूती आणि चोरटी नजर. मला तो अल्बमचा कणा वाटतो, 'कॉमन पीपल' नव्हे.

आणि 'लाइव्ह बेड शो'! एका पलंगाची गोष्ट. सुरुवातीला त्याची उशाकडची फळी रात्रभर भिंतीवर आदळायची आणि शेजाऱ्यांची तक्रार करायची हिंमत नव्हती. आता तक्रारीचं कारणच नाही, कारण आवाजच येत नाही. सगळा संसार त्या फळीत.

विलंबित

बोरकूट, असं लिहीत जा हो अधूनमधून. नुसतं वाचून सहावं गाणं पुन्हा लावलं.

काळाचौकीकर

आमची पिंक टाकतो. मी गिरणगावातला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत होते. ज्या आवारात पाळीचा भोंगा व्हायचा तिथे आता पब आहेत, जुन्या विटा आणि गंजके खांब मुद्दाम तसेच ठेवलेले. तरुण पोरं तिथे येऊन चिमणीसकट फोटो काढतात. कटिंग चहा काचेच्या ग्लासात, किंमत विचारू नका. मला 'कॉमन पीपल' समजायला समाजशास्त्राचा पेपर द्यावा लागला नाही सातबारासाहेब. गरिबी ही सजावट म्हणून कुणी भिंतीवर लावली की काय वाटतं, ते त्या गाण्यात आहे.

विलंबित

थोडं जपून. शेफील्डचं पोलाद वेगळं, गिरण्यांचा संप वेगळा. जार्व्हिस स्वतः कामगार नव्हता, कला महाविद्यालयात गेलेला पोरगा होता. सगळ्या जगाचं दुःख एका गाण्याला चिकटवलं की गाणंही बोथट होतं.

काळाचौकीकर

मी कुठे म्हटलं सारखं आहे? मी म्हटलं मला कळलं. माझी थोरली मुलगीपण कला महाविद्यालयातच आहे. तिच्या वर्गातल्या पोरी आमचं घर 'बघायला' आल्या होत्या. चांगल्या होत्या पोरी. बायकोने शिरा केला. तरी काहीतरी टोचलंच.

डॉनकाठ

काळाचौकीकर, इथे पार्क हिल नावाच्या प्रचंड सरकारी वसाहतीचं हेच झालंय. कामगारांसाठी बांधलेली, पुढे बकाल झालेली, आता रंगरंगोटी करून महागडी घरं. त्यामुळे तुम्ही भलतीकडे गेलेला नाहीत.

टवाळखोर

वातावरण फार गंभीर झालंय. जार्व्हिस म्हणजे तोच ना, जो मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमात स्टेजवर चढून पार्श्वभाग हलवून आला?

विलंबित

तोच. १९ फेब्रुवारी १९९६, लंडनचं अर्ल्स कोर्ट, ब्रिट पुरस्कार. मायकल 'अर्थ साँग' गाताना हात पसरून तारणहाराच्या थाटात उभा, भोवती लहान मुलं आणि भाविक. जार्व्हिसला ते बघवेना. मग गेला, कंबर वाकवून पाठ प्रेक्षकांकडे केली आणि हाताने वारा घातल्यासारखं केलं. पोलिसांनी रात्री चौकशीला नेलं, मुलांना मारल्याचा आळ होता. त्याच्या बाजूने कायदा बोलायला कोण उभा राहिला, तर विनोदी नट बॉब मॉर्टिमर, जो आधी खरोखर वकील होता. पुढे डेव्हिड बोवीच्या माणसांनी घेतलेलं चित्रण बाहेर आलं आणि जार्व्हिसने कुणाला हात लावला नसल्याचं दिसलं.

खडीसाखर

आणि त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, मायकल अंधेरीला आला होता! आम्ही दारात उभं राहून गाड्यांचा ताफा कुठून जाणार याच्या अफवा ऐकत होतो. तिथे कुणी स्टेजवर चढलं असतं तर...

टवाळखोर

तर वकील पुरला नसता. आयोजक कोण होते आठवा.

संपादक मंडळ

राजकारणाकडे वळू नये ही विनंती. उपधागा इथेच थांबवूया.

दर्यावर्दी

मी पणजीहून. ब्रिटपॉपच्या धाग्यावर आशाताईंचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. कॉर्नरशॉप! तजिंदर सिंग, वॉल्व्हरहॅम्प्टनमधला पंजाबी घरातला मुलगा. त्याचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' १९९७मध्ये आलं तेव्हा साठाव्या क्रमांकाला लागून परतलं. मग नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, वेग वाढवून ठोका टाकला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर. सांगलीत जन्मलेल्या गायिकेच्या नावाचं गाणं ब्रिटनात अव्वल. त्यात लतादीदी, रफी, आकाशवाणीही आहेत.

आणि हेही 'डिफरंट क्लास'च. ब्रिटपॉपच्या वेळी गिटारींवर युनियन जॅक रंगवला जात होता, तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या आशियाई माणसाची जी टर उडवली जायची, तेच नाव या पोरांनी बँडला लावलं. याच बँडने १९९२मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर गायक मॉरिसीचे फोटो जाळले होते, त्याच्या वंशवादी वाटणाऱ्या चाळ्यांवर चिडून. जार्व्हिसचा वर्ग गोऱ्यांचा आहे. वाईट म्हणत नाही, पण आहे.

टवाळखोर

आणि कुला शेकर हा बँड? 'गोविंदा' अख्खं संस्कृतात, तरी ब्रिटनात पहिल्या दहात. आमच्या मंडळाने दहीहंडीला लावलं तर थर लागतील का?

सातबारा

थर लागतील, पण चौथ्या थरावरचं पोरगं झोपंल.

दीडशहाणी

हसून हसून पुरेवाट. दर्यावर्दी, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य सोडू नका कुणी. 'डिफरंट क्लास'मध्ये लंडन आहे, सोहो आहे, लॅडब्रोक ग्रोव्ह आहे, पण त्या रस्त्यांवर तेव्हा राहणारी कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसं गाण्यांत दिसत नाहीत. बघ्याचीही नजर ठरावीक खिडक्यांतच जाते.

डॉनकाठ

हे बरोबर आहे. मला तरी त्याचं खापर एका अल्बमवर फोडवत नाही. ज्या माणसाला आपल्या गल्लीबद्दल एवढं नेमकं लिहिता येतं, त्याने दुसऱ्याच्या गल्लीबद्दल अंदाजपंचे लिहिलं नाही, हेही बरंच झालं. त्या गल्लीचं लिहायला कॉर्नरशॉप होतेच, आणि त्यांनी चांगलं लिहिलं.

भिडस्त

बरेच दिवस वाचनमात्र होतो. 'सॉर्टेड'बद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून पहिला प्रतिसाद.

सप्टेंबर १९९५मध्ये या सिंगलच्या वेष्टनावर कागदाची पुडी कशी घडी घालायची त्याची आकृती होती. डेली मिरर या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर बंदीची मागणी केली आणि वेष्टन बदलावं लागलं. गंमत म्हणजे गाणं नशेची जाहिरात नाहीच. जार्व्हिसला हे शब्द एका मुलीकडून मिळाले, जी १९९०मध्ये स्पाइक आयलंडला स्टोन रोझेस या बँडच्या जलशाला गेली होती. तिला तिथलं आठवत होतं ते एवढंच, की माल हवाय का असं विचारत फिरणारे लोक. गाण्यात वीस हजार माणसं एका माळावर जमतात, सगळे एकमेकांचे मित्र होतात, आणि पहाटे परत जायची वेळ आली की कुणी गाडीत घेत नाही. शेवटी आईला फोन करून सांगायचं की मेंदूचा एक तुकडा तिकडेच कुठेतरी शेतात राहिला. मी पुण्यात असताना असल्या एक-दोन रात्री पाहिल्या आहेत, जास्त लिहीत नाही. पहाटेचा तो एकटेपणा दुसऱ्या कुठल्या गाण्यात इतका खरा ऐकला नाही.

विलंबित

भिडस्त, स्वागत. आणि हेच गाणं जगाने पहिल्यांदा ऐकलं ते ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात! २४ जून १९९५. शनिवारचा मुख्य कार्यक्रम स्टोन रोझेसचा होता, पण त्यांच्या जॉन स्क्वायरचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि ऐनवेळी पल्पला बोलावलं. अल्बम यायला अजून चार महिने. तरी त्यांनी 'मिस-शेप्स', 'सॉर्टेड', 'डिस्को २०००' बेधडक वाजवली आणि शेवटी 'कॉमन पीपल'. महिन्याभरापूर्वी आलेलं गाणं, आणि अख्खा माळ शब्दन् शब्द म्हणतोय. चित्रण मिळतं, जरूर पाहा.

सातबारा

घ्या. रविवारी बायको माहेरी, पोरं क्रिकेटला. दारं लावून तुमचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, पुढे न ढकलता. अहवाल:

'कॉमन पीपल' कुत्र्यासकट ऐकलं. मान्य, वेगळंच गाणं आहे. 'आय स्पाय' ऐकताना हसू आलं, बोरकूटताई रागावू नका, असा एक माणूस आमच्या तालमीत होता, सगळ्यांचा बदला घेणार होता, अजून घेतोय. 'समथिंग चेंज्ड' साधं, गोड. भेट झाली नसती तर, एवढाच विषय, पण जमलंय. 'लाइव्ह बेड शो' बोरकूटताईंनी सांगितलं म्हणून नीट ऐकलं, नाहीतर निसटलं असतं. ते लांबलचक इंग्रजी अक्षरं तोडून लिहिलेलं प्रेमाचं गाणं मात्र माझ्यानं झालं नाही. श्वास, श्वास आणि श्वास. डॉक्टरला दाखवा म्हणावं. 'मंडे मॉर्निंग' पण भरतीचं.

म्हणजे बारापैकी दोन भरताड. तुमच्या मित्राला दहा म्हणायचं होतं, तेवढं काही नाही.

अनवट

सातबारा, हा निकाल मी छापून मित्राला पाठवतोय. 'मंडे मॉर्निंग'वर मात्र अपील. ते एकटं ऐकलं तर किरकोळ वाटेल, पण त्याच्या पुढे 'बार इटालिया' आहे. आठवडाभर नोकरी, शनिवारी धिंगाणा, पुन्हा सोमवार, हे चक्र एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने त्यातून पहाटे डुलत डुलत बाहेर काढायचं. बार इटालिया खरं आहे, सोहोत, फ्रिथ स्ट्रीटवर, १९४९पासूनचं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर १९२६मध्ये जॉन लोगी बेअर्डने टेलिव्हिजन चालवून दाखवला होता. रात्रभर नाचून तुटलेली माणसं तिथे कॉफी प्यायला जातात. 'मिस-शेप्स'मध्ये आम्ही येऊन सगळं ताब्यात घेणार अशी डरकाळी फोडणारा अल्बम कॉफीच्या कपापाशी येऊन संपतो.

बोरकूट

क्रमाबद्दल अनवट बरोबर आहेत. शफलवर ऐकणाऱ्यांना हा अल्बम दोन गाण्यांचाच वाटणार.

खडीसाखर

मी तबकडी घ्यायचं ठरवलंय. जुनी शोधू की नवी? आणि मुखपृष्ठावर ते लग्नाचं काय प्रकरण आहे?

विलंबित

लग्न खरं होतं. बँडच्या माणसांचे पूर्णाकृती कृष्णधवल कटआउट करून ते खऱ्या ठिकाणी, खऱ्या माणसांत उभे केले आणि फोटो काढले. सुरुवातीच्या सीडीत अशी बारा चित्रं होती, हवं ते पुढे लावायचं. नवरा-नवरी, वऱ्हाडी आणि मधेच कार्डबोर्डचा जार्व्हिस. तबकडीचं म्हणाल तर जवळपास त्रेपन्न मिनिटं एकाच रेकॉर्डवर कोंबलेली होती, त्यामुळे जुनीचा आवाज दबका. तिसाव्या वर्षानिमित्त निघालेली घ्या.

डॉनकाठ

आणि पैसे उरले तर जून २०२५मध्ये आलेला त्यांचा 'मोअर'ही घ्या. चोवीस वर्षांनी काढलेला अल्बम, बेस वाजवणारा स्टीव्ह मॅकी २०२३मध्ये गेला, त्याला अर्पण केलेला. त्यातलं पहिलंच गाणं 'स्पाइक आयलंड', म्हणजे भिडस्तनी सांगितलेली गोष्ट पुन्हा उकरलीय.

सातबारा

चोवीस वर्षांनी? आमच्याकडे पाटाचं पाणी याहून लवकर येतं. 'मोअर'मध्ये श्वासाचं गाणं आहे का तेवढं सांगा, मग ठरवतो.

टवाळखोर

कपाटात लपून ऐका, बायकोला कळणार नाही.